मेलेला बगळा आणि पहिला प्रश्न

नमस्कार श्रोतेहो.

२०२१ च्या जानेवारीत एके दिवशी सकाळी सातला आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. मी निवृत्त पशुवैद्यक. त्यामुळे सोसायटीत मांजर व्यायली, कुत्रा लंगडला, पोपट खाईनासा झाला, की फोन मला. त्या दिवशी ते म्हणाले, "डॉक्टर, बागेत बगळे मरून पडलेत. घंटागाडी यायची वेळ झालीय. ओल्या कचऱ्यात टाकायचे की सुक्या?"

मी विचारलं, "किती आहेत?"

"मेलेले काय मोजायचे, डॉक्टर?"

एक बगळा मेला तर त्याला शंभर कारणं असतात. जानेवारी म्हणजे संक्रांत, आकाशभर मांजा. विजेच्या तारा आहेत, म्हातारपण आहे. पण चार बगळे एकाच झाडाखाली, एकाच रात्रीत? मग मांजाची गोष्ट पटत नाही. आमच्या धंद्यात पहिला प्रश्न "कशाने मेला" हा नसतो, "किती मेले" हा असतो. दुसरा, "कधीपासून?" आणि तिसरा, "आणखी कोण मेलं?"

शिवाय तो आठवडाच तसा होता. राजस्थानात कावळे आणि केरळात बदकं बर्ड फ्लूने मरत असल्याच्या बातम्या येत होत्या. परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या गेल्या होत्या, आणि इथे आपल्या घोडबंदर रोडला पाणबगळे मरून पडले होते. सेक्रेटरींना म्हटलं, हात लावू नका, मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा, वर एखादी पाटी उपडी घाला. मग पशुसंवर्धन विभागाला फोन केला. दुपारी दोन माणसं पीपीई किट घालून आली आणि सोसायटीच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. दिवस कोरोनाचे होते, लोकांना वाटलं कुणाला तरी न्यायला आले!

त्या दोघांनी काय केलं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे काम कुणी बघत नाही. पक्ष्याच्या घशातून एक आणि शेपटीखालच्या भागातून एक असे कापसाचे बोळे फिरवून घेतात. तो स्वॅब एका छोट्या बाटलीत जातो. बाटलीत क्षार, थोडी प्रथिनं आणि प्रतिजैविकं घातलेलं पाणी असतं. प्रतिजैविकाने विषाणू मरत नाही, मग ते कशाला? तर जिवाणू मरावेत म्हणून. नाहीतर वाटेत तेच वाढतात आणि सगळा नमुना नासतो. अख्खा पक्षी एकात एक अशा पिशव्यांत बांधून बर्फाच्या डब्यात ठेवतात. घरच्या फ्रीझरमध्ये तो कधीही ठेवू नये, तिथल्या गोठण्याने विषाणू खराब होतो आणि मग प्रयोगशाळेत तो वाढता वाढत नाही. एकदा शहापूरकडे एका पोल्ट्रीवाल्याने मोठ्या काळजीने मेलेली कोंबडी आठवडाभर आइसक्रीमच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवली होती. त्याला रागवायचं की शाबासकी द्यायची, मला कळेना. आइसक्रीमचं काय झालं, तेही मी विचारलं नाही.

नमुना आधी पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत जातो आणि शंका बळकट असेल तर तिथून भोपाळला. प्राण्यांच्या घातक रोगांसाठीची अतिसुरक्षित प्रयोगशाळा तिथे आहे. आतली हवा गाळल्याशिवाय बाहेर जात नाही, आतला माणूस अंघोळ केल्याशिवाय बाहेर येत नाही. पीसीआर यंत्रात विषाणूच्या जनुकांचा तुकडा दुप्पट, चौपट असा वाढवत नेऊन तो आहे की नाही ते कळतं. पण जिवंत विषाणू हातात हवा असेल तर त्याला वाढायला जिवंत पेशी लागते. त्यासाठी दहाएक दिवस उबवलेलं कोंबडीचं अंडं घेतात, कवचाला बारीक भोक पाडून त्यात नमुना सोडतात आणि भोक मेणाने बुजवतात. दोन-तीन दिवसांनी त्या अंड्यातलं पाणी कोंबडीच्या रक्तातल्या तांबड्या पेशींबरोबर मिसळतात. विषाणू नसेल तर पेशी तळाशी बसतात आणि कुंकवाच्या टिकलीसारखा गोल ठिपका दिसतो. फ्लूचा विषाणू असेल तर तो पेशींना एकमेकींत अडकवून त्यांची जाळी करतो आणि टिकली उमटतच नाही. बर्ड फ्लूच्या विषाणूच्या एच५एन१ या नावातला एच तो हाच चिकटवणारा हात. एन हा सोडवणारा, म्हणजे पेशीतून नवे विषाणू बाहेर पडताना ती पकड कापणारा.

भारतात हा एच५एन१ पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, २००६ च्या फेब्रुवारीत. त्या वेळी मी नोकरीत होतो. गावोगावी चिकनची दुकानं ओस पडली होती. आता सगळ्यांना माहीत आहे की रस्सा नीट उकळला, चिकन आतपर्यंत शिजलं की विषाणू टिकत नाही. तेव्हा हे सांगून सांगून घसा बसला होता. पुढे २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत, एका पोल्ट्रीत शंभरेक पक्षी मेले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. एक किलोमीटरच्या परिघातले सुमारे पंचवीस हजार पक्षी मारण्याचा आदेश झाला. ऐकायला सोपं वाटतं. ज्याच्या अंगणात चार गावठी कोंबड्या आहेत, ज्याची एकही आजारी नाही, त्याच्या बायकोला जाऊन सांगा बरं, की या आम्ही नेणार! भरपाई मिळते, पण त्या खुडूक कोंबडीखाली ठेवलेल्या अंड्यांचा हिशेब भरपाईत कुठे बसतो? म्हणून लोक लपवतात. मी त्यांना दोष देत नाही. पण लपवलेली कोंबडी रात्री आठवडी बाजाराच्या गावाला जाते, आणि मग एक किलोमीटरच्या वर्तुळाला काही अर्थ उरत नाही.

मेलेलं मोजण्याचं महत्त्व मला पटलं ते मात्र पक्ष्यांवरून नव्हे, माकडांवरून. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात, माकडं पटापट मरायला लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने फणफणली. तिथल्या लोकांनी दोन्हींचा संबंध आधीच लावला होता. ते त्याला माकडांचा रोग म्हणत. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली माणसं तिथे पोचली, तेव्हा पहिली धास्ती पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची होती, कारण त्यातही माकडं मरतात. निघाला वेगळाच विषाणू, गोचिडीतून येणारा. पुण्याचं ते केंद्र १९५२ मध्ये सुरू झालं होतं, आता त्याला आपण एनआयव्ही म्हणतो. या विषाणूचे भाऊबंद रशियाकडे होते, म्हणून शंका आली की स्थलांतर करणारे पक्षी अंगावर गोचिडी घेऊन येत असतील का. त्या शंकेपायी जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले आणि पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अलींच्या बीएनएचएस या मुंबईच्या निसर्ग-अभ्यास संस्थेने हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. आज ऐरोलीजवळ ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवून त्यांचा माग काढतात. आपल्याकडची पक्ष्यांमागे जाण्याची ही विद्या वाढली त्यात एका तापाचाही हात आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. आणि हो, बर्ड फ्लूची बातमी आली की "त्या फ्लेमिंगोंना हाकला" म्हणणारे लोक दरवर्षी भेटतात. हाकललेला पक्षी जातो कुठे? दुसऱ्या कुणाच्या तरी खाडीत.

माकडतापात गाईगुरांचं काम फार चमत्कारिक आहे. गाय आजारी पडत नाही. पण रानात चरताना पूर्ण वाढलेल्या गोचिडी तिच्यावर पोसतात, गळून पडतात, हजारो अंडी घालतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या विषाणूवाल्या गोचिडी तिथेच उतरतात, आणि ती जागा पुढे महिनोन्‌महिने धोक्याची. २०१६ पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हा ताप आला तेव्हा काजूच्या बागांत जाणाऱ्यांना हेच सांगावं लागलं, की माकड मेलेलं दिसलं तर तिथे पाचोळा गोळा करू नका, आधी कळवा.

आपल्या ठाण्याच्या येऊरच्या जंगलाला आता याच नजरेने बघा. वर बिबट्या, खाली पाडे, बंगले आणि त्यांची कुत्री. बिबट्या कुत्रं खातो, हे ठाणेकरांना शिकवायला नको. कुत्र्यांत डिस्टेंपर नावाचा रोग असतो, पिल्लं नाकाडोळ्यांतून पाणी गाळत, झटके येऊन मरतात. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून जास्त सिंह दगावले त्यात हाच विषाणू सापडला. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत त्याने हजाराच्या आसपास सिंह मारले. म्हणजे बिबट्या वाचवायचा तर पाड्यावरच्या कुत्र्याला लस द्यायची. जंगलात जाऊन मोठं संशोधन करू, असं म्हणणारी तरुण मुलं माझ्याकडे येतात. त्यांना मी म्हणतो, आधी एका रविवारी तीस गावठी कुत्री धरून दाखवा.

लस हा शब्दही मजेशीर आहे. फोडातून झिरपणारं पाणी, ती लस. देवीची लस म्हणजे खरोखरच फोडातली लस होती. २०२२ मध्ये लंपीने गाईंच्या अंगावर गाठी उठल्या, तेव्हा आपण गाईंना दिली ती शेळ्यांच्या देवीची लस. दोन्ही विषाणू सख्खे चुलतभाऊ, म्हणून काम भागलं. लंपी माणसाला होत नाही, तरी लोकांनी दूध बंद केलं होतं. असो.

बगळ्यांकडे येतो. आमच्या बागेतल्या चार बगळ्यांचा अहवाल निगेटिव्ह आला. घोडबंदरचे पॉझिटिव्ह, आमचे निगेटिव्ह. सेक्रेटरी नाराज झाले. "म्हणजे उगाच धावपळ केली की हो."

त्यांना मी बुळकांडीची गोष्ट सांगितली. गुरांचा हा रोग जुन्या माणसांना ठाऊक असेल, गोठेच्या गोठे रिकामे करायचा. त्याच्यासाठी इंग्रजांनी १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा काढली, तीच पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. भारतात बुळकांडीचं शेवटचं जनावर दिसलं ते १९९५ मध्ये. पण ती गेली, हे जगाने मान्य करायला २००६ साल उजाडलं. मधल्या वर्षांत आम्ही काय केलं? गावोगाव फिरून विचारलं, की तोंडात फोड आणि हगवण असलेलं जनावर आहे का? मुरबाडमधल्या एका पाड्यावर एक म्हातारा मला म्हणाला होता, "ती आता कुठं दिसायची साहेब? माझ्या बापाचे सगळे बैल नेले तिनं." मी वहीत लिहिलं, नाही. पुढच्या गावात लिहिलं, नाही. अशा लाखो 'नाही'ंची चळत जमली, तेव्हा २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर असा संपलेला हा दुसराच रोग. आमच्या चार बगळ्यांचाही एक 'नाही' कुठल्याशा रजिस्टरात आहे.

तेव्हा श्रोतेहो, पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक लिहून ठेवा, १९६२. एकाच जागी अनेक पक्षी मेलेले दिसले, गोठ्यात एकाच वेळी दोन-तीन जनावरांनी रवंथ सोडली, किंवा खाडीकाठचा कोल्हा भरदिवसा न घाबरता माणसांत आला, तर कळवा. चेंबूरकडे २०२४ मध्ये अशा कोल्ह्यात रेबीज निघाला होता, आणि नवी मुंबईच्या कांदळवनातही कोल्हे आहेत.

आमचे सेक्रेटरी आता फारच जागरूक झालेत. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, जिन्यात पाल मरून पडलीय म्हणून. मी म्हटलं, अहो, पालीसाठी नका फोन करू. फोन ठेवणार होतो, पण राहवेना.

विचारलं, "किती आहेत?"