रायफल शिकाऱ्याची, बोअर सरकारचा

[दृश्य: नागपूर, अजब बंगला (मध्यवर्ती संग्रहालय). शस्त्रांचं दालन.]

निवेदन:
नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढं जातो. जुन्या मध्य प्रांतात मोठ्या शिकारीचे दिवस नेमके हेच. नाले आटलेले, पानगळ झालेली, जनावर पाणवठ्यावर येणारच.

पण या उन्हात काडतूसही तापतं. तेव्हाची दारू म्हणजे कॉर्डाइट. ती तापली की नळीतला दाब वाढतो आणि झाडल्यावर रिकामी पुंगळी आतच घट्ट बसते. समोर जखमी रानगवा आणि पुंगळी निघत नाही, ही वेळ कुणावर यावी? म्हणून विलायती कारागिरांनी पुंगळ्या मुद्दाम लांबलचक केल्या. आत जागा जास्त, दाब कमी. त्या अवाढव्य दुनळी रायफलींत साहेबी थाट होताच, पण उन्हाचा हिशेबही होता.

[दृश्य: काडतुसांची जुनी रेखाचित्रं.]

१८९८ मध्ये रिग्बी कंपनीनं .४५० नायट्रो एक्स्प्रेस आणली. .४५० हा नळीचा आतला व्यास, इंचात; यालाच बोअर म्हणतात. ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची गोळी. हजार किलोच्या घरात जाणाऱ्या गव्याला पुरेशी. त्याआधी एवढ्याच कामाला पाव पाव पौंडाचे शिशाचे गोळे फेकणाऱ्या चार बोअरच्या (इथं आकडा एका पौंडात बसणाऱ्या गोळ्यांचा) बंदुका लागत; त्या उचलायलाच एक माणूस वेगळा.

मग १९०७ च्या सुमारास सरकारनं हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली. कारण शिकारीचं नव्हतंच. बंडखोरांच्या हाती मार्टिनी-हेन्री रायफली होत्या, त्यांचा बोअरही .४५०. शिकाऱ्यांच्या गोळ्या तिकडं पोचतील, ही धास्ती. कारखानदारांनी लगोलग .४६५, .४७०, .४७५ काढल्या. .४५० आणि .४७० यांच्या गोळ्यांच्या जाडीत अर्धा मिलिमीटरही फरक नाही, मारा जवळपास तोच. गव्याला काय कळणार होतं? पण कायद्याला चाललं.

व्यवहाराचं विचाराल, तर १९१२ ची .३७५ हॉलंड अँड हॉलंड. ३०० ग्रेनची गोळी, सेकंदाला साधारण ७६० मीटर वेग. सांबराला चालते, गव्यालाही पुरते, आणि खांदा सहन करतो. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. धक्क्याच्या भीतीनं घोडा दाबण्याआधीच डोळे मिटणाऱ्याच्या हाती .५७७ देऊन उपयोग काय? जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी जेमतेम सात मिलिमीटरची. नरभक्षक वाघांमागं ते ती घेऊन फिरले. गव्यासाठी मात्र ती कुणी सुचवणार नाही. जाड हाडामागं पोचायला जड आणि न फुटणारी गोळी हवी.

[दृश्य: .३१५ रायफल, जवळून.]

स्वातंत्र्यानंतर विदर्भातल्या मालगुजारांच्या, शेतकऱ्यांच्या घरी परवान्यावर जी रायफल दिसायची, ती बहुधा बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५. ठेवण लष्करी .३०३ चीच. पण .३०३ लष्कराची, म्हणून सामान्य माणसाला बंद. नळीचा बोअर केसभर वेगळा केला आणि परवाना मिळाला. पुन्हा १९०७ चाच न्याय! रोही, रानडुकराला ठीक. गव्यावर ती चालवणं मात्र जनावरावर अन्याय.

[दृश्य: नागपूर, वनभवन.]

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हौसेची शिकार आवळली आणि त्याच कायद्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनं ती संपवली. माणसाच्या जिवावर उठलेल्या वाघाला मारायचं असेल, तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो. त्यांचं कार्यालय इथंच, नागपुरात. आणि तो आदेशही आधी पकडणं, बेशुद्ध करणं शक्य नसल्याची खात्री पटल्यावर.

त्यामुळं वनखात्याच्या पथकाच्या हाती पहिल्यांदा दिसते ती डार्ट गन. तिच्यात दारू नाही, दाबाखालचा वायू. डार्ट ११ किंवा १३ मिलिमीटरचा, म्हणजे बोअर जुन्या .४५० च्याच आसपास. इथं मात्र जोर जास्त झाला तर डार्ट मांसात खोल घुसून इजा करतो आणि कमी पडला तर वाटेतच पडतो. म्हणून अंतर मोजायचं, त्याप्रमाणं वायूचा दाब ठरवायचा, आणि मांडीचा किंवा खांद्याचा मांसल भाग समोर येईपर्यंत थांबायचं.