सिसप्लेक्सच्या सामायिक फाइलींची आखणी

सिसप्लेक्स म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मेनफ्रेम (मोठ्या संगणक) प्रणालींचा समूह. त्याची सामायिक फाइल आखण्यासाठी चार-सहा ओळींचा एक जॉब (संगणकाला नेमून दिलेले काम) आयएक्ससीएल१डीएसयू हा आयबीएमचा युटिलिटी प्रोग्राम चालवतो. त्याने फॉरमॅट केलेल्या फाइलीला कपल डेटा सेट म्हणतात. सिसप्लेक्समध्ये एकत्र आलेल्या, जास्तीत जास्त ३२, मेनफ्रेम प्रणालींतील प्रत्येक प्रणाली आपण चालू असल्याची वेळेची नोंद ठरावीक अंतराने या फाइलीत करत असते, आणि ती नोंद थांबली की इतर प्रणाली तिला बंद पडलेली समजून पुढील कारवाई सुरू करतात.

फॉरमॅट करतानाच किती प्रणाली, एकमेकांशी संवाद साधणाऱ्या प्रोग्रामचे किती गट आणि एका गटात किती सदस्य, हे आकडे द्यावे लागतात आणि खरी कसोटी येथेच असते. आकडे कमी पडले तर कामकाज न थांबवता वाट काढता येते: मोठ्या आकड्यांची नवी फाइल दुय्यम (राखीव प्रत) म्हणून जोडायची, प्राथमिक (मुख्य) फाइलीतील मजकूर तिच्यात उतरू द्यायचा आणि मग पीस्विच आदेशाने तिलाच प्राथमिक करायचे. उलट दिशेची वाट मात्र बंद आहे, कारण प्राथमिकपेक्षा लहान फाइल दुय्यम म्हणून स्वीकारली जात नाही. आकार कमी करायचा तर सगळ्याच प्रणाली थांबवून पुन्हा सुरू कराव्या लागतात. तरीही भीतीपोटी अवाढव्य आकडे देणे शहाणपणाचे नाही, कारण फुगलेली फाइल कामाचा वेग घटवते.

पीस्विचनंतर दुय्यम फाइल उरत नाही. त्या अवस्थेत एकुलती फाइल गमावली तर प्रणाली काम सोडून थांबतात. त्यामुळे जाणती मंडळी आणखी एक फाइल वेगळ्या डिस्कवर आधीच फॉरमॅट करून तयार ठेवतात, आणि तो जागेचा अपव्यय मुळीच नव्हे.

जॉब आणि त्यांचे आउटपुट सांभाळणाऱ्या जेईएस२ या मेनफ्रेमच्या घटकाची चेकपॉइंट फाइल याहून निराळी आहे. तिच्यात जॉबची रांग असते आणि सामायिक स्पूल (जॉब व आउटपुट साठवण्याची डिस्कवरील जागा) वापरणारे सदस्य, म्हणजे येथे प्रणाली, आळीपाळीने तिचा ताबा घेतात. जेईएस२ पुन्हा सुरू करण्याच्या वॉर्म स्टार्ट या पद्धतीत ही रांग वाचून काम पुढे चालू होते. कोल्ड स्टार्टमध्ये मात्र ती नव्याने आखली जाते आणि थांबलेले जॉब व न छापलेले आउटपुट दोन्ही जातात. म्हणूनच दुसरा एकही सदस्य चालू असताना कोल्ड स्टार्ट होऊ दिला जात नाही. रांग वाचवायची असेल तर जॉब आणि आउटपुट आधी स्पूल ऑफलोडने बाहेर उतरवून ठेवतात आणि नवी आखणी झाल्यावर परत आत घेतात.