फोनच्या स्पीकरवर बास: घरी रेकॉर्ड केलेल्या कव्हरची गोष्ट

(दृश्य: बास गिटारची सगळ्यात जाड तार. तर्जनी ती छेडते.)

बासची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. ज्या फोनवर लोक हा व्हिडिओ बघणार, त्याचा इवलासा स्पीकर ४१ हर्ट्झ वाजवूच शकत नाही. तरी स्वर कळतो, कारण त्याच तारेतून ८२, १२४, १६५ हर्ट्झचे हार्मोनिकही, म्हणजे मूळ कंपनांच्या पटीतले वरचे स्वरही, निघत असतात आणि कान त्यांच्यावरून मूळ स्वर ताडतो. गाण्यातला बास घरी वाजवून तो नेटवर टाकणाऱ्या हौशी वादकाची निम्मी मेहनत या हार्मोनिकना सांभाळण्यात जाते. उरलेली निम्मी हातात असते, आणि तीच जास्त अवघड.

नमुन्यादाखल डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची साठच्या दशकातली गाणी घेऊ. अशी बास कव्हर करणारे या गाण्यांकडे पुन्हा पुन्हा वळतात, ते मुख्यतः मोटाउनचे बासवादक जेम्स जेमर्सन यांच्यासाठी. त्यांच्याकडे १९६२ चा फेंडर प्रिसिजन बास होता. त्याला फ्लॅटवाउंड म्हणजे गुळगुळीत गुंडाळीच्या जाड तारा, ब्रिजच्या (तारांच्या बुडाच्या आधाराच्या) झाकणाखाली फोम, आणि छेडायला उजव्या हाताची एकटी तर्जनी. बासची केबल बहुतेक वेळा थेट मिक्सिंग कन्सोलकडे जायची, अँपसमोर माइक नसायचा. घरच्या टेबलावर आज आपण जे करतो, त्याच्याशी हे फार मिळतंजुळतं आहे.

इथे पहिली अडचण येते ती तारांची. नव्या बासवर बहुधा राउंडवाउंड म्हणजे खडबडीत गुंडाळीच्या तारा असतात. त्या झणझणतात, स्वर लांबवर रेंगाळतो आणि जेमर्सनची चाल चिखलात रुतल्यासारखी होते. तारा बदलायच्या नसतील तर भांडी घासायच्या स्पंजची सेंटिमीटरभर रुंद पट्टी कापून ब्रिजलगत तारांखाली सरकवा. ती तारांना जेमतेम टेकली पाहिजे. जाड झाली तर तारा वर उचलल्या जातात आणि आवाज ठोकळ्यासारखा मेलेला येतो. पट्टी बसवल्यावर बास पुन्हा सुरात लावा आणि टोनचा नॉब निम्म्याच्या खाली आणा.

सुरात लावताना ट्यूनरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. टेपच्या वेगात फरक पडल्याने जुनी रेकॉर्डिंग पुष्कळदा ट्यूनर धरतो त्या ४४० हर्ट्झच्या मापात बसत नाहीत. गाण्यातला एखादा लांब स्वर लूपवर ठेवा, कानाने त्याच्याशी तार जुळवा आणि मग ट्यूनर काय दाखवतो ते बघा. २० सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा, सेमीटोनचा, शंभरावा भाग) चढा दाखवला तर चारही तारा २० सेंट चढ्या लावा. सॉफ्टवेअरने गाणंच खाली ओढण्यापेक्षा हे बरं, कारण तसं केल्याने झांजांचा आवाज खरखरीत होऊ शकतो.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर चार वेगळे ट्रॅक.)

मूळ बास तसाच ठेवून त्यावर आपला वाजवला, तर दोन्ही स्वर कुठे एकमेकांना फुगवतात, कुठे खाऊन टाकतात. म्हणून मूळ बास आधी काढावा लागतो. डेमक्स हे मोफत सॉफ्टवेअर गाण्याचे गायन, ड्रम, बास आणि बाकीचं असे चार भाग करतं. पण किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बास दोघेही हर्ट्झच्या त्याच खालच्या टप्प्यात राहतात. त्यामुळे बास काढताना किकच्या तळाचा थोडा भागही त्याच्याबरोबर जातो आणि ड्रम पोकळ वाटू लागतात. ड्रमच्या ट्रॅकवर ६० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल वाढवले की बरीच भरपाई होते. मोनो रेकॉर्डिंगमध्ये हे विलगीकरण आणखी कच्चं निघतं.

आता रेकॉर्डिंग. इंटरफेसवर, म्हणजे बास संगणकाला जोडणाऱ्या पेटीवर, ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ लिहिलेलं बटण दाबलंय ना, ते आधी बघा. पॅसिव्ह (बॅटरीविना चालणाऱ्या) पिकअपला, म्हणजे तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकी भागाला, साधारण एक मेगाओम इनपुट लागतो. लाइन इनपुटचा दहाएक किलोओमचा भार पडला की वरचे हार्मोनिक गळतात, आणि फोनवर आपल्याला नेमके तेच हवे असतात. सर्वांत जोरात वाजणारा भाग वाजवून गेन असा ठेवा की शिखर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील. व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. प्रोजेक्ट ४४.१ वर आणि फाइल ४८ वर असा घोळ झाला, आणि सॉफ्टवेअरने ती न बदलता तशीच वाचली, तर सूर जवळपास दीड सेमीटोन घसरतो.

ऐकायला तारेचा हेडफोनच घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही उशिरा पोचू शकतो आणि अशा विलंबावर तालात वाजवणं अशक्य आहे. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सँपल ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला एका बाजूचा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत राहतो. कडकड ऐकू आली तर बफर २५६ करा, वाय-फाय आणि बाकीचे प्रोग्रॅम बंद करा.

घरघर हा आपल्याकडचा जुना त्रास. आपली वीज ५० हर्ट्झची आणि जाड तारेवरचा तिसरा फ्रेट ४९ हर्ट्झचा. म्हणजे इक्वलायझरने घरघर कापायला गेलात तर तो स्वरही कापला जाणार. त्यामुळे ती मुळातच थांबवायला हवी. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, कारण दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर बारीक भुणभुण सोडतो, म्हणून पंखा पूर्ण वेगात ठेवा नाहीतर बंद करा. दोन पिकअपच्या फेंडर जॅझ बासवर दोन्हींचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले की त्यांची घरघर बरीचशी एकमेकांत विरते. तारांना हात लावल्यावर आवाज शांत होत असेल, तर बास, केबल आणि अर्थिंग तपासायला घ्या.

(दृश्य: उजव्या हाताचा अंगठा, अगदी जवळून.)

इथे थोडं थांबूया, कारण बहुतेक कव्हर इथेच फसतात. स्वर बरोबर असतात, वेळही बरोबर असते, पण स्वर संपतो कधी याकडे लक्ष नसतं. मिनिटाला १२० च्या लयीत एक ठोका अर्धा सेकंद चालतो. मूळ वादकाने तो स्वर स्नेअर (ड्रमसेटमधला करकरीत आवाजाचा ड्रम) पडताक्षणी तोडला असेल आणि आपण तो पुढच्या ठोक्यापर्यंत ओढला, तर गाणं सुस्तावतं. मूळ बासचा वेगळा केलेला ट्रॅक अर्ध्या वेगाने लावा आणि स्वरांचे शेवट ऐका. तोडताना डाव्या हाताचं बोट तारेवरून उचलू नका. दाब सोडा आणि बोट तारेला टेकलेलं राहू द्या. पूर्ण उचललंत तर मोकळी तार गुणगुणते. उजवा अंगठा पिकअपवर खिळवून ठेवण्याऐवजी तारांबरोबर फिरता ठेवा: तिसऱ्या, म्हणजे जाड तारेलगतच्या, तारेवर वाजवताना तो जाड तारेवर टेकलेला, पातळ तारांकडे जाताना त्याची कड दोन्ही जाड तारांवर आडवी. हेडफोनमध्ये ऐकू न येणारी ही गुणगुण कंप्रेसर (लहान-मोठे आवाज जवळ आणणारं साधन) लावल्यावर ठळक होते.

मिक्स करताना ३५ हर्ट्झच्या खालचं कापा. कंप्रेसरचं प्रमाण चारास एक, अटॅक (त्याला पकड घ्यायला लागणारा वेळ) २० ते ३० मिलिसेकंद, आणि सुई तीन ते सहा डेसिबल हलेल इतपत. मग बासच्या ट्रॅकची प्रत काढा, प्रतीतलं २५० हर्ट्झखालचं सगळं कापा, तिला थोडं सॅच्युरेशन (हार्मोनिक वाढवणारी किंचित फाट) द्या आणि शून्यापासून हळूहळू मिसळा. फोनवर चाल ओळखू येऊ लागली की हात थांबवा. चांगल्या स्पीकरवर हा जादा थर वेगळा कळता कामा नये. एकूण पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या मापाच्या) आसपास ठेवा. त्याहून मोठ्या आवाजाचा व्हिडिओ यूट्यूब स्वतःच खाली आणतं.

व्हिडिओ फोनवर घेताना त्याचाही आवाज चालू असू द्या आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा. दोन्ही आवाजांतल्या टाळ्या जुळवा, मग फोनचा आवाज काढून टाका. तिसऱ्या मिनिटाला बोटं आणि स्वर फाटायला लागले, तर फोनने फ्रेमरेट बदलता ठेवला असण्याची शक्यता मोठी. संपादनाआधी फाइल स्थिर ३० फ्रेमवर आणा.

हक्कांचं थोडक्यात: गाण्याच्या रचनेचा हक्क वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. मूळ ट्रॅकवर वाजवलं की दोन्ही लागू होतात आणि यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा बहुधा दावा दाखवते. दावा म्हणजे स्ट्राइक (चॅनलवर पडणारा नियमभंगाचा ठपका) नव्हे. जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जाऊ शकतात किंवा काही देशांत व्हिडिओ दिसेनासा होतो.

वर्णनात तारा, ट्यूनिंग किती सेंट चढी आणि मूळ वादकाचं नाव लिहा. मोटाउनने आपल्या वादकांची नावं वर्षानुवर्षं छापली नाहीत. जेमर्सनचं नाव १९७१ मध्ये गायक मार्विन गे यांच्या अल्बमवर आलं. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले बासवादक टोनी वाझ किती श्रोत्यांना नावाने ठाऊक असतील? तो बास आपण तासन्‌तास ऐकून उचलतो, तेव्हा नाव लिहिणं हे आपलं देणंच आहे. फक्त खात्री करून लिहा. मोटाउनच्या सगळ्याच गाण्यांत जेमर्सन नाहीत, बऱ्याच गाण्यांत दुसरे बासवादक बॉब बॅबिट आहेत आणि काहींबद्दल जाणकारांत अजून वाद चालू आहे.