नासका आंबा आणि आढी

मंडळी, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी बरीच वर्षं सुपरवायझर होतो. आजचा विषय कामगारांचं मनोबल, पण त्याची व्याख्या माझ्याकडून ऐकू नका. एका मोल्डरची, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्याची, गोष्ट सांगतो, नाव सोडून.

ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, पाणी साधारण 3 ते 4 टक्के लागतं. जास्त झालं की ओतलेल्या लोखंडानं त्याची वाफ होते, ती जॉबमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, अडकते आणि आत छिद्रं राहतात. ब्लो होल. वरून पुष्कळदा दिसत नाहीत. दोन दिवसांनी मशीन शॉपमध्ये टूल फिरलं की उघडी पडतात. हा गडी वाळू मुठीत दाबायचा, मोडून बघायचा आणि ओरडायचा, "साहेब, वली हाय ओ आज!" दिवसातून चारदा. मला तो कटकट्या वाटायचा.

त्या वर्षी त्याच्या गावची लक्ष्मीयात्रा आली. ती दरवर्षी येत नाही हे तुम्हाला मी काय सांगू? लेकी-जावई येतात, घराला रंग लागतो, कर्ज होतं ते वेगळंच. त्यानं आठ दिवस रजा मागितली. डिस्पॅच तोंडावर होता, मी दोन दिवस दिली. तो काही बोलला नाही. मला वाटलं, मिटलं.

परत आल्यावर वाळू दाबणं चालू राहिलं, ओरडणं थांबलं.

थोड्याच दिवसांत मशीन शॉपमधून रिजेक्शन यायला लागलं. तिथल्या पोरांचे तास वाया गेले, ती मोल्डिंगवाल्यांवर चिडली, आणि महिनाअखेर सगळ्यांचाच इन्सेन्टिव्ह कापला गेला. ज्यांना त्या यात्रेचं काही देणंघेणं नव्हतं तेही म्हणायला लागले, "होगली बिड." कन्नडवाले आणि मराठीवालेही. म्हणजे जाऊ दे, सोड. शिवी चालेल, पण हे दोन शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो.

येल विद्यापीठातल्या सिगाल बारसाड यांनी 2002 साली एक प्रयोग मांडला. विद्यार्थ्यांच्या लहान गटांना बोनस कसा वाटायचा ते ठरवायला सांगितलं आणि प्रत्येक गटात शिकवून तयार केलेला एक नट बसवला. त्याची मनःस्थिती इतरांना लागायची. ती प्रसन्न असली की सहकार्य वाढायचं, वाद कमी व्हायचे. आमच्याकडे नट नव्हता, आणि जो होता त्यानं नुसतं गप्प बसून सगळं केलं.

मालक म्हणाले, नासका आंबा आढी नासवतो, काढा त्याला. मी म्हटलं, आढी लावणारा रोज हात फिरवतो, खालचे आंबे वर करून बघतो. आम्ही कधी बघितलं? (वाढदिवसाला केक मात्र न चुकता कापायचो.)

त्याला काढलं नाही. पुढच्या वर्षापासून कुणाच्या गावची यात्रा कधी, ते जानेवारीतच फळ्यावर लिहायला लागलो. मी त्याची माफीही मागितली. "हुंदे साहेब," म्हणाला. पण ते ओरडणं काही परत आलं नाही. शेवटी वाळूतलं पाणी मोजायचं मीटर विकत आणावं लागलं.