रांगेतला राग

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो,

आज मी रागाबद्दल बोलणार आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत, महाराष्ट्रात जो राग धुमसत होता, त्याबद्दल. दुकानदारांचा, विद्यार्थ्यांचा, लसीच्या रांगेत पहाटेपासून उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचा, मुंबईची लोकल सामान्यांना बंद म्हणून रोजचे कित्येक तास बसमध्ये घालवणाऱ्यांचा. त्या काळात मी एका तालुक्याच्या ठिकाणी आरोग्य खात्यात काम करत होते. हा राग मी टेबलाच्या पलीकडून पाहिला आणि बऱ्याचदा तो माझ्याच अंगावर आला. बैठकांमध्ये त्याचं निदान एका वाक्यात व्हायचं: लोक ऐकत नाहीत. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आज तर मुळीच पटत नाही.

लोकांनी फार सोसलं. बंदी सोसली, उपासमार सोसली, जवळच्या माणसाचं तोंडही शेवटचं पाहता आलं नाही, तेही सोसलं. त्यांना असह्य झालं ते हिशेब न कळणं. हा आकडा कशाचा? हा नियम कधीपर्यंत? लस येणार तर कोणत्या दिवशी? या प्रश्नांना जिथे सरळ उत्तर मिळालं तिथे लोक शांत झालेले मी पाहिले आहेत.

११ मार्च २०२१ आठवून पाहा. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा १४ तारखेला होती. ती आधीही पुढे ढकलली गेली होती आणि तीन दिवसांवर आलेली असताना पुन्हा पुढे ढकलल्याची बातमी आली. पुण्यात नवी पेठेत, शास्त्री रस्त्यावर शेकडो मुलं उतरली. गर्दी करू नका, असं त्यांना सांगण्यात येत होतं; पण भाड्याच्या खोलीत एका कॉटपुरत्या जागेत राहून, मेसचे पैसे उसने आणून, वयाची अट जवळ येताना पाहणाऱ्या मुलाला गर्दीची भीती काय घालणार? त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी आठवडाभरात परीक्षा होईल असं सांगितलं, दुसऱ्या दिवशी २१ मार्च ही तारीख जाहीर झाली, आणि मुलं पुन्हा अभ्यासाला बसली. परीक्षा झालीही. त्या मुलांना तारीख हवी होती. एवढी साधी गोष्ट मिळवायला त्यांना रस्त्यावर यावं लागलं, याचा विचार आपण पुरेसा केला नाही असं मला वाटतं.

आता आकड्यांकडे येते. रोज संध्याकाळी राज्याचा आकडा यायचा आणि सगळं घर टीव्हीसमोर बसायचं. १४ एप्रिलला रात्री आठपासून संचारबंदी लागली आणि १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ रुग्ण नोंदले गेले. लोक म्हणाले, दुकान बंद केलं, पोरं घरात कोंडली, तरी आकडा वाढतोच आहे, मग हे कशासाठी? प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचं उत्तर कुठल्याही आशाताईला, म्हणजे गावात घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकेला, देता आलं असतं. संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायला चार-पाच दिवस जातात, माणूस आणखी दोन दिवस अंगावर काढतो, मग तपासणी होते, आणि त्या एप्रिलमध्ये प्रयोगशाळा इतक्या तुंबल्या होत्या की अहवालालाही दिवस लागत. म्हणजे आज दिसणारा आकडा साधारण दहा-बारा दिवसांपूर्वीच्या संसर्गाचा. मृत्यूंचा आकडा त्याहून मागचा. बंदीचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतील, तोवर आकडे वाढतील, घाबरू नका, असं पहिल्याच दिवशी कुणी ठासून सांगितलं असतं तर लोकांनी दोन आठवडे दम धरला असता. मे उजाडल्यावर आकडे खरोखरच उतरले. पण तोवर लोकांचा विश्वास उडाला होता आणि उतरलेल्या आकड्याकडेही ते संशयानेच पाहत होते.

त्या रोजच्या पत्रकात बारीक अक्षरात आणखी एक नोंद असायची. आज नोंदलेल्या मृत्यूंपैकी इतके मागच्या अठ्ठेचाळीस तासांतले, इतके मागच्या आठवड्यातले आणि उरलेले त्याआधीचे. म्हणजे राज्य स्वतः प्रामाणिकपणे सांगत होतं की हे मृत्यू आजचे नाहीत. पण टीव्हीवर मोठ्या अक्षरात यायची ती एकच बेरीज. जूनमध्ये जुन्या मृत्यूंचा ताळमेळ घातला गेला तेव्हा रुग्ण कमी होत असताना मृत्यूंचा आकडा फुगला आणि लोक पुन्हा हादरले. ती बारीक अक्षरातली ओळ मोठी करून सांगणं हे आपलं काम होतं: खात्याचं, पत्रकारांचं, डॉक्टरांचं.

नियमांचं काय झालं? ५ एप्रिलपासून राज्याचे 'ब्रेक द चेन' नावाचे निर्बंध सुरू झाले. सलून बंद झाली, आठवड्याच्या शेवटी टाळेबंदी आली, मग संचारबंदी, मग किराण्याची दुकानं सकाळी सात ते अकरा. चार तासांत अख्ख्या गावाने किराणा आणायचा म्हटल्यावर गर्दी होणार हे सांगायला साथरोगतज्ज्ञ लागत नाही. तरीही मला किराण्यापेक्षा पंढरपूर जास्त टोचतं. १४ एप्रिलला संचारबंदी लागली आणि १७ एप्रिलला पंढरपूर-मंगळवेढ्यात पोटनिवडणुकीचं मतदान झालं. त्याआधी प्रचारसभा झाल्या. विठ्ठलाचं मंदिर मात्र भाविकांना बंद होतं. पुढे जुलैत आषाढीला सलग दुसऱ्या वर्षी पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या आणि पायी वारीचा आग्रह धरणाऱ्यांना पोलिसांनी अडवलं. वारी थांबवणं योग्यच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. लाखो माणसं वीस दिवस गावोगावी मुक्काम करत चालतात. त्या जुलैत ते परवडलं नसतं. पण ज्या गावात एप्रिलमध्ये मतदान झालं, त्या गावची वाट चालू नका असं सांगताना आपला आवाज खाली येतो. वारकरी मला विचारायचे, "ताई, मताला चालतं, माउलीला का नाही?" कायद्याच्या भाषेत उत्तर होतं. माणसाला पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

संचारबंदीबरोबर राज्याने मदतही जाहीर केली. ५,४७६ कोटींचं पॅकेज होतं. परवानाधारक रिक्षाचालकांना, नोंदणीकृत फेरीवाल्यांना, नोंदणीकृत बांधकाम कामगारांना दीड-दीड हजार रुपये, आणि रेशनकार्डावर गहू-तांदूळ मोफत. जे दिलं ते चांगलंच केलं. पण दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवणारा या यादीत कुठे बसतो? ज्याची कधी नोंदणीच झाली नाही असा भाजीवाला? आणि सलूनवाले, ज्यांची दुकानं सगळ्यात आधी बंद झाली आणि ज्यांना घरी बसून काम करता येणं शक्यच नव्हतं, त्यांचं नाव त्या यादीत नव्हतं. दुकान बंद ठेवून घराचं भाडं भरणाऱ्या माणसाला 'संयम ठेवा' म्हणणं मला जड जायचं.

आणि आता लस. यावर जरा थांबून बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त राग इथे होता आणि सगळ्यात जास्त आशाही इथेच होती.

१६ जानेवारी २०२१ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली. १ मार्चपासून साठीच्या पुढचे आणि पंचेचाळिशीच्या पुढचे आजारी लोक, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढचे सगळे. सुरुवातीला लोकांना आग्रह करून बोलवावं लागत होतं. मग लाट आली, भीती आली, आणि आम्ही बोलावण्याआधीच रांगा लागल्या. नेमकी तेव्हाच लस संपली. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात साताऱ्यात, पनवेलमध्ये केंद्रं बंद ठेवावी लागली, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मोठ्या केंद्रावरचा साठा संपला. त्याच आठवड्यात केंद्र सरकार आणि राज्य सरकार साठ्यावरून एकमेकांना जाहीर उत्तरं देत होते आणि लगोलग ११ एप्रिलपासून देशभर 'टीका उत्सव', म्हणजे लसीकरणाचा उत्सव, साजरा झाला. पुणेकरांच्या रागाला तर आणखी एक धार होती. जगातला सगळ्यात मोठा लस कारखाना त्यांच्या मांजरीत, आणि त्यांच्या केंद्रावर पाटी: आज लस उपलब्ध नाही.

मग १ मेपासून अठरा वर्षांपुढच्या सगळ्यांना लस देणार असं जाहीर झालं. २८ एप्रिलला दुपारी चार वाजता नोंदणी उघडली आणि पहिल्याच दिवशी देशभरात सव्वा कोटींहून जास्त लोकांनी नावं नोंदवली. आता हिशेब बघा. महाराष्ट्रात १८ ते ४४ वयाचे ५ कोटी ७१ लाख लोक, त्यांना लागणार सुमारे १२ कोटी डोस. नव्या धोरणात उत्पादनाचा अर्धा भाग केंद्राला, पाव भाग सगळ्या राज्यांना मिळून आणि पाव भाग खासगी रुग्णालयांना. कोव्हिशील्ड या मुख्य लसीचं उत्पादन तेव्हा महिन्याला सहा-सात कोटी होतं. सात कोटी धरले तरी राज्यांच्या वाट्याला पावणेदोन कोटी, त्यात कोव्हॅक्सिन या दुसऱ्या लसीची थोडी भर, आणि त्यात देशातली सगळी राज्यं. हा गुणाकार सातवीतल्या मुलाला जमतो. तो २८ एप्रिलच्या आधी लोकांसमोर मांडला असता, 'तुमची पाळी यायला बहुधा पावसाळा सरेल' असं सांगितलं असतं, तर तरुण नाराज झाले असते, पण रोज मोबाईल हातात धरून तिष्ठत बसले नसते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात राज्याला तरुणांचं लसीकरण थांबवावंच लागलं, कारण पंचेचाळिशीच्या पुढच्यांच्या दुसऱ्या डोसलाच, विशेषतः कोव्हॅक्सिनच्या, साठा पुरत नव्हता.

त्या मोबाईलने केलेला अन्याय मी डोळ्यांनी पाहिला. नोंदणी ऑनलाइन, स्लॉट म्हणजे लसीची वेळ उघडली की मिनिटभरात भरलेली. शहरातली शिकलेली मुलं सूचना देणारे प्रोग्रॅम लिहून, टेलिग्रामवर गट करून स्लॉट पकडायची आणि गाडी काढून आमच्या ग्रामीण केंद्रावर यायची. ती नियम मोडत नव्हती. पण आमच्या गावातला माणूस आपल्याच दवाखान्याच्या दारात उभा राहून परगावच्या गाड्या मोजत होता. त्याच्याकडे साधा फोन, ओटीपी येईपर्यंत रेंज गेलेली. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात या डिजिटल दरीवर बोट ठेवलं आणि १८ ते ४४ वयोगटाला पैसे मोजायला लावणारं धोरण प्रथमदर्शनी मनमानी असल्याचं म्हटलं. ७ जूनला पंतप्रधानांनी धोरण बदलल्याची घोषणा केली आणि २१ जूनपासून तीन-चतुर्थांश लस केंद्राने घेऊन राज्यांना मोफत द्यायला सुरुवात केली. हे लोकांच्या रागानेच घडलं, असं मी म्हणेन. न्यायालयाच्या आदेशात जे प्रश्न होते, ते आमच्या रांगेत महिनाभर आधी विचारले गेले होते.

कोव्हिशील्डच्या दोन डोसमधल्या अंतराचंही तसंच. आधी चार ते सहा आठवडे, मार्चमध्ये सहा ते आठ, १३ मे रोजी बारा ते सोळा. अंतर वाढवलं की कोव्हिशील्डचा परिणाम चांगला होतो याला परदेशातल्या अभ्यासांचा आधार होता. पण ते जाहीर झालं ऐन टंचाईत. दुसऱ्या दिवशी आमच्या केंद्रावर आलेल्या कित्येकांना परत पाठवावं लागलं. "लस नाही म्हणून अंतर वाढवलं ना?" असं सगळे विचारत होते. शास्त्र खरं असूनही आम्ही खोटे ठरलो, कारण टंचाई आहे हे आधी मोकळेपणाने कबूल केलेलं नव्हतं.

अगदी छोटी गोष्ट सांगते. कोव्हिशील्डच्या कुपीत दहा डोस असायचे आणि कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागायची. सहा माणसं बसली असली की नर्स थांबायची, आणखी चार येऊ देत म्हणून. बसलेले चिडायचे: लस समोर आहे, माणूस समोर आहे, मग टोचत का नाही? आमच्या एका सिस्टरने कुपी हातात घेऊन सगळ्यांना दाखवली, समजावून सांगितलं. त्यातलेच दोघं बाहेर जाऊन शेजाऱ्यांना बोलावून घेऊन आले. पुढे आम्ही आदल्या संध्याकाळी उद्याच्या डोसची संख्या फळ्यावर लिहायला लागलो. संख्या किती का लहान असेना, पहाटेच्या रांगेत चपला ठेवून जागा धरणं बंद झालं, आणि वशिल्याची चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला 'फळा बघा' म्हणता यायला लागलं.

हे सगळं अंगावर घेत होत्या त्या आशाताई. दारोदार त्या, शिव्या खाणाऱ्या त्या, आणि मानधन तुटपुंजं. १५ जूनपासून त्यांनी राज्यभर संप केला. आठवडाभराने दीड हजारांची वाढ मिळाली. लोकांचा राग आणि आशांचा राग एकाच ठिकाणाहून आलेला होता. वरचा निर्णय खाली पोचवायचा, पण त्याची कारणं हातात द्यायची नाहीत, असाच व्यवहार दोघांशी झाला.

७ जूनपासून राज्याने पाच स्तर ठरवले. तपासण्यांतला बाधितांचा दर पाच टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनच्या खाटा पंचवीस टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर, दर वीस टक्क्यांच्या वर किंवा पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त खाटा भरलेल्या असतील तर पाचवा. मला ही कल्पना मनापासून आवडली होती. पहिल्यांदाच दुकानदाराला कळत होतं की आपलं शटर कशावर अवलंबून आहे. कोल्हापूरसारखा जिल्हा दहा टक्क्यांच्या वर अडकला तेव्हा व्यापारी चिडले, आंदोलनाला उतरले, पण त्यांच्या बोलण्यात आता आकडे होते: तपासण्या किती, खाटा किती. हा राग मला मोलाचा वाटतो. त्याच्याशी बोलता येतं. दुर्दैवाने जूनच्या अखेरीस डेल्टा प्लस या करोनाच्या नव्या प्रकाराच्या धास्तीने सगळ्या जिल्ह्यांना किमान तिसरा स्तर लावला गेला आणि मेहनतीने दर खाली आणणाऱ्यांना वाटलं, मग आम्ही कशासाठी आकडे पाळले?

शेवटचा मुद्दा मृत्यूंचा. करोनाने गेलेल्यांच्या कुटुंबांना द्यायच्या पन्नास हजारांच्या मदतीसाठी नियम असा झाला की तपासणी बाधित आल्यापासून तीस दिवसांत मृत्यू झाला असेल तर तो करोनाचा धरायचा. आपल्या राज्यात मदतीसाठी आलेले अर्ज नोंदलेल्या मृत्यूंपेक्षा कितीतरी जास्त निघाले. ज्यांची तपासणीच झाली नाही, जे रुग्णालयाच्या वाटेवर गेले, ते यातही नाहीत. गावात झालेल्या मृत्यूंची नोंद ग्रामपंचायतीत असते. २०२१च्या मार्च ते जूनमध्ये गावात किती माणसं गेली आणि २०१९च्या त्याच महिन्यांत किती गेली होती, एवढे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून येत्या ग्रामसभेत वाचायला सांगा. तो अधिकार तुमचा आहे, आणि त्यासाठी कुणा तज्ज्ञाची वाट पाहायची गरज नाही.