अंजनेरीचं कंदीलपुष्प

नमस्कार श्रोतेहो. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना लागणारा अंजनेरीचा डोंगर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी चढला असेल. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून तिथे बारमाही वर्दळ असते. सुमारे ४,२०० फूट उंचीच्या या डोंगरावर पावसाळ्यात, गवताच्या पात्यांत मिसळून एक रोपटं उभं राहतं. फूल येईपर्यंत ते गवतच वाटतं.

२००६ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची स्वतंत्र जाती म्हणून नोंद केली आणि नाव दिलं सेरोपेजिया अंजनेरिका. आपण त्याला कंदीलपुष्प म्हणू. रुईच्याच कुळातलं हे रोप. शास्त्राच्या हिशेबाने ही अगदी कालची ओळख. डोंगर मात्र शतकानुशतकं पायाखालचा!

कंदीलपुष्पांचं फूल म्हणजे एक कावा आहे. खाली फुगीर कोठी, वर अरुंद नळी. बारीक माशी वासाला भुलून आत शिरते. नळीतले केस खालच्या दिशेने कललेले, त्यामुळे आत जाणं सोपं, बाहेर पडणं अशक्य. कोठीत धडपडताना परागांची पुडी माशीला चिकटते. पुढे केस कोमेजतात, माशी सुटते आणि दुसऱ्या फुलाला फसायला जाते. एवढा खटाटोप करूनही शेंगा थोड्याच धरतात.

पाऊस सरला की वरचा भाग वाळतो. जमिनीखाली उरतो तो कंद. तो रानडुकरं उकरतात, माणसंही खातात. त्यात गुरांची चराई, उन्हाळ्यातले वणवे, पर्यटकांची पावलं. आणि मध्यंतरी तर गडावर थेट गाडीरस्ता नेण्याचा घाट घातला गेला! निसर्गप्रेमींनी त्याला कडाडून विरोध केला. २०१७ साली डोंगर संवर्धन राखीव जाहीर झालेला असतानाही हा प्रस्ताव यावा, याचं मला नवल वाटतं. इतक्या छोट्या पसाऱ्यातली जाती एका रुंद रस्त्यानेही संपू शकते.

रोपवाटिकेत कंद जगवता येतो, पण तिथे त्याची माशी कुठून आणायची?

भाद्रपदात अंजनेरीला गेलात, तर मळलेली पायवाट सोडू नका. फूल दिसलंच तर फोटो जरूर काढा, पण तो टाकताना नेमकी जागा लिहू नका. कंद उकरून नेणारेही ते वाचत असतात.