कागदाचं कॉमेट

कागदातून जेट विमान उभं करायचं, तर सुरुवात कुठून करावी? डी हॅविलंड कॉमेटपासून करावी, असं मी म्हणेन, आणि तेही कॉमेट १पासून. हे विमान २७ जुलै १९४९ला पहिल्यांदा उडालं आणि २ मे १९५२ला लंडन ते जोहान्सबर्ग अशा प्रवासी सेवेत आलं. धड म्हणजे जवळजवळ सरळ नळी. चारही इंजिनं पंखांच्या मुळात दडलेली, त्यामुळे पंखाखाली लोंबणारे डबे करत बसावं लागत नाही. ही सुटका फुकट मात्र मिळत नाही, पंखाच्या मुळाशी पोचलात की त्याची वसुली होते.

माप १:१०० घेऊ. लांबी २८.४ सें.मी., पंखांचा पसारा ३५ सें.मी., धडाचा व्यास साधारण ३१ मि.मी. कागद १६० जीएसएमचा, जाडी ०.२ मि.मी.च्या आसपास. विमानाच्या तुकड्यांचे आराखडे असलेली पानं छापताना 'फिट टू पेज' बंद करा. सगळी पानं सारखीच आक्रसली तर विमान थोडं लहान होतं, एवढंच. पण खराब झालेलं एखादं पान नंतर दुसऱ्या सेटिंगवर छापलं आणि ते तीन टक्क्यांनी लहान आलं, तर त्या तुकड्याचा घेर शेजारच्यापेक्षा जवळपास ३ मि.मी.नी कमी भरतो. तो जोड मग कुठल्याही गोंदाला ऐकत नाही.

कागद उचलून दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. एका बाजूनं तो सहज वळतो, दुसरीकडून हटवादीपणा करतो. तो ग्रेनचा, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या दिशेचा गुण. ग्रेन धडाच्या लांबीला समांतर हवा. आडवा आला तर नळी गोल होण्याऐवजी बारीक बारीक चिरांनी मोडत जाते. इंकजेटची छपाई असेल तर कापायच्या आधी मॅट व्हार्निशचा स्प्रे मारा, नाहीतर ओल्या बोटांनी शाई पसरते.

आता चकत्या, म्हणजे धडाच्या जोडांपाशी आतून बसणारे पुठ्ठ्याचे गोल. इथं बहुतेकांचं गणित चुकतं. धडाच्या तुकड्याची रुंदी ९७.४ मि.मी. आहे. त्याला पायनं (३.१४नं) भागलं की ३१ येतात, आणि बरेच जण पुठ्ठ्याची चकती ३१चीच कापतात. पण हा व्यास कागदाच्या जाडीच्या मधोमध मोजलेला असतो. आतला व्यास ३०.८. जोडाखाली आतून कागदाची पट्टी येते, ती दोन्ही बाजूंनी ०.२ खाते. म्हणजे चकती ३०.४ची हवी. मोठी ठेवलीत तर खालची शिवण मिटत नाही, किंवा ओढूनताणून मिटवलीत तर उपाशी गुराच्या बरगड्या दिसाव्यात तसे उठाव वर येतात. लहान झाली तर जोडावर खळगा पडतो. दोन्हींत मी खळगा पत्करेन. चकतीच्या कडेला कागदाची एक पट्टी गुंडाळली की तो भरून निघतो.

जोडणी मधल्या, पंखाच्या तुकड्यापासून सुरू करा आणि दोन्ही टोकांकडे जा. शिवण पोटाशी ठेवा. प्रत्येक तुकड्यावर माथ्याची मधली रेघ आतून पेन्सिलीनं आखून घ्या, कारण चूक साठत जाते. एका जोडाला अर्धा मिलिमीटर पीळ पडला तर डोळ्याला दिसतही नाही. तोच एका बाजूला आठ जोडांत पडत गेला तर ४ मि.मी. होतो, म्हणजे घेरावर जवळजवळ १५ अंश. मग उभं शेपूट सरळ बसवलं तर आडवे पंख तिरके, आणि आडवे पंख सरळ बसवले तर उभं शेपूट तिरकं. गोंद लावण्याआधी प्रत्येक जोड कोरडा बसवून बघायचा तो यासाठीच.

नाक ही खरी परीक्षा. कागद एका वेळी एकाच दिशेनं वळतो, आणि कॉमेटचं नाक दोन्ही दिशांनी गोलावतं. वैमानिकाच्या काचेपाशीसुद्धा पायरी नाही. म्हणून ५ ते ८ मि.मी. रुंदीची शंकूची चार-पाच कडी करायची आणि शेवटच्या टोकाला पाकळ्या न करता पुठ्ठ्याच्या चकत्या एकावर एक चिकटवून, पातळ सुपरग्लू पाजून, पॉलिश पेपरनं घासायचं. पाकळ्यांचं टोक नेहमी लिंबाच्या फोडींसारखं दिसतं.

खिडक्या कापू नका, छापलेल्याच राहू द्या. कॉमेट १च्या खिडक्या गोलसर कोपऱ्यांच्या चौकोनी आहेत. १९५४च्या दोन अपघातांनंतर इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या पाण्याच्या टाकीत धडाची चाचणी झाली आणि धडाला पाडलेल्या भोकांच्या कोपऱ्यांशी धातू थकून चिरतो हे पुढं आलं. कागदाचं भोकही कोपऱ्यातूनच फाटतं, शिवाय कापलेल्या रांगेवर नळी गोल न होता घडीसारखी मोडते.

पंखाची पुढची कड सुरीच्या पाठीनं दाबून मोडायची नाही, विणकामाच्या सुईवरून वळवायची. मागची कड सपाट काचेवर पट्टीखाली दाबून चिकटवा, नाहीतर पंख पिळवटतो. हवा आत घेणारी तोंडं पंख सपाट असतानाच कापा आणि आत १० मि.मी. खोल काळी नळी बसवा; पंख मिटल्यावर तिथं कटरचं टोकही जात नाही. दोन्ही पंखांचा चढ सारखा यावा म्हणून आतली तुळई १ मि.मी. पुठ्ठ्याचे दोन थर देऊन, उथळ इंग्रजी व्हीच्या आकारात, धडातून आरपार एकसंध काढा.

नाक बंद करण्याआधी वजन. मुख्य चाकांच्या जागी दोन बोटं देऊन सांगाडा उचला आणि नाक खाली झुकेपर्यंत आत लोखंडी छर्रे गोंदात बसवत जा. नंतर आठवलं तर इलाज नाही, विमान शेपटीवर बसलेलंच राहतं.

चाकं शेवटी. पहिल्या उड्डाणाच्या वेळी जी-एएलव्हीजी या नमुना विमानाला दोन्ही बाजूंना एकेकच मोठं चाक होतं. प्रवासी सेवेतल्या विमानांना बाजूला चार-चार आणि नाकाखाली दोन, म्हणजे दहा चाकं. धडावर कुठली नोंदणी छापली आहे ते पाहून मगच चकत्या कापायला घ्या.